हळदीचा पहिला हात

शिरवण्याच्या जुन्या आळीत कुठलंही लग्न असो, एक गोष्ट कधी विचारावी लागत नसे. नवरीला पहिली हळद पुतळा लावणार.

तिला पाच मुलं. पाचही जगली, वाढली. नवरा नामदेव धडधाकट. सासूने पणतूचं तोंड बघून डोळे मिटले. अशा बाईला लेकुरवाळी म्हणायचं, ओटी तिच्या हातून भरून घ्यायची. तिची हळद लागली की नवरीची कूस लवकर उजवते, असं आळी मानत होती. पुतळाही मानत होती. जरा जास्तच.

हळदीला ती मुद्दाम उशिरा जायची. मांडवात बायका ताटकळलेल्या, नवरी पाटावर अवघडलेली, डीजेवाला पुन्हा पुन्हा विचारून गेलेला. मग पुतळा यायची. हिरवी साडी, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. वाट आपोआप मोकळी व्हायची. वाटीत हात बुडवून ती नवरीच्या गालांना हळद लावायची, मग दंडांना, मग पावलांना. उठता उठता गर्दीवर नजर फिरवायची. कोणाच्या लग्नाला किती वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, हे तिला तोंडपाठ होतं. त्या बाईपाशी ती थांबायची.

"तुज्या पोटाला काय टालं लावलंय काय गो?"

बायका हसायच्या. जिला विचारलं तीही हसायची. तिला दुसरं काही करता येत नसे.

हे आधीच सांगायला हवं. पुतळाचं पुढे जे झालं ते ऐकून माणसं तिला गरीब गाय समजतात. ती तशी नव्हती.

ती मूळची बोनकोड्याची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली, तेव्हा नामदेवच्या घरची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती आणि घरात चार पुरुष रिकामे बसून होते. पहिली पाच वर्षं तिला मूल झालं नाही. त्या वर्षांत आळीतल्या हळदींना ती मांडवाच्या मागे, भांडी घासायच्या जागेशी बसायची. तिथे बस असं कोणी सांगितलं नव्हतं. पुढे गेलं की बायका पदर आवरून घ्यायच्या, एवढंच. मग जुळे झाले. दोन्ही मुलगे. पुढच्याच लग्नात कोणीतरी तिला दंडाला धरून पुढे नेलं. ती पुढेच राहिली. मागे बसणाऱ्यांची तिला नंतर दया आली असेल, असं वाटतं. तिला कधीच आली नाही.

जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर पुढे चार मजले चढले. भाडी येऊ लागली. तरी तिला हात रिकामे ठेवणं जमत नसे. दुपारी आळीतल्या बायका ओट्यावर बसून चपलांचे पट्टे साफ करायच्या. मऊ, रंगीत प्लास्टिकचे पट्टे. कारखान्याच्या साच्यातून निघाले की त्यांच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो, तो ब्लेडने काढायचा. पोती भरून माल प्रीतमचा टेम्पो आणायचा आणि साफ केलेला घेऊन जायचा. नव्या पट्ट्यांना गोडसर, डोकं धरणारा वास असे. तो हातांना, पदराला लागायचा. पुतळा त्याच हातांनी भाकरी थापायची. सगळ्याच थापायच्या.

प्रीतम हा दुर्गाबाईंचा मुलगा. औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांची असली घरकामाची कंत्राटं त्याच्याकडे होती. दुर्गाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे खरं तर आळीच्याच. प्रीतमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. त्याची बायको मनस्वी बारावी शिकलेली, कमी बोलणारी. तिला मूल नव्हतं. पुतळाची नजर प्रत्येक हळदीत तिच्यापाशी थांबायची.

या आळीत सुमेधा आली.

ती नेरुळला राहायची. आईवडील बीडकडचे, वडील वाशीच्या मार्केटात कारकून. एका संशोधन संस्थेत ती पीएचडी करत होती. आधी वर्षभर लोकांनी तिला खाडीवरच पाहिलं होतं. ओहोटीला गुडघाभर चिखलात, तिवरांच्या मुळाशी, बादली घेऊन. ती बोटाएवढे शंख गोळा करायची. कशाला, असं कोणीतरी विचारलं तेव्हा तिने खरं सांगून टाकलं. होड्यांना लावायच्या जुन्या रंगांत एक विषारी द्रव्य असे. ते पाण्यात उतरलं की शंखातल्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. मग त्या अंडी घालू शकत नाहीत. जगभर हे दिसलेलं आहे. इथे अजून किती उरलंय, ते ती बघत होती.

चहाच्या टपरीला महिनाभर तेवढंच पुरलं. कोणाची बायको मोठ्याने बोलली की विचारायचे, खाडीचं पाणी प्यायली काय.

आता तिला बायकांची तपासणी करायची होती. त्यासाठी ती दुर्गाबाईंच्या घरी आली. बैठकीला आळीतल्या डझनभर घरच्या सासवा होत्या. पुतळा अर्थातच होती. दुर्गाबाईंनी सुमेधाला आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत, सुमेधाला प्लास्टिकच्या पांढऱ्या कपात.

सुमेधाने कप हातात घेतला नाही.

"मलाही पेल्यातच द्या," ती म्हणाली. "गरम काही मी प्लास्टिकमधून पीत नाही. तुम्हीही कोणाला देऊ नका."

कारणं दोन होती. खोलीतल्या सगळ्यांना दोन्ही कळली. पेला काही आला नाही. चहा तिथेच निवला.

मग सुमेधाने समजावलं. शरीराच्या आत निरोप फिरत असतात. वाढ आता, थांब आता, पाळी येऊ दे, गर्भ धर. हे निरोप म्हणजे हार्मोन. काही रसायनं या निरोपांची नक्कल करतात, काही खरे निरोप अडवतात. शरीराला वाटतं, हुकूम आतूनच आलाय. अंगात असलं काही सापडलं म्हणजे आजार झालाच, असं नाही. पण कोणाच्या अंगात किती आहे, हे आधी कळायला हवं. कारखान्यांना लागून असलेल्या वस्त्यांत हे कोणी मोजलेलं नव्हतं. तिने नावांच्या चिकटपट्ट्या लावलेल्या छोट्या बाटल्या काढल्या. वीस ते पंचेचाळीस वयाच्या लग्न झालेल्या बायकांनी सकाळची पहिली लघवी द्यायची.

पुतळाने हात पुढे केला.

"तुमची गरज नाही, काकू," सुमेधा म्हणाली. ती हसून, आदरानेच म्हणाली.

आळीत बायकांचं काही होतंय आणि त्यात पुतळाची गरज नाही, असं बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं.

सुमेधा गेली. बाटल्या टीपॉयवर राहिल्या. सासवा त्यांच्याकडे बघत बसल्या. त्या जे ऐकून बसल्या होत्या ते एवढंच होतं: कोणाला मूल होईल आणि कोणाला नाही, ते बाटलीत दिसतं. सुमेधा असं बोललीच नव्हती. पण खाडीतल्या शंखांची गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात होती. एकीची सून लग्न होऊन वर्षाची, एकीचे दोन गर्भ गेलेले. दुर्गाबाईंच्या घरात मनस्वी. त्यात त्यांच्या लेकीचं, राजश्रीचं, लग्न ठरत आलेलं. या घरच्या बायकांत दोष आहे असं उरणच्या व्याह्यांच्या कानावर गेलं तर संपलंच.

तोडगा दुर्गाबाईंनी काढला.

"ओटी कोन भरतंय आपल्याकडं? पुतळा. मग बाटल्या पन तीच भरंल."

आधी सगळ्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण तोडगा पटला होता. लेकुरवाळीच्या हातचं सगळं चांगलंच असतं. तिच्या बाटलीत वाईट दिसणार कुठून? पुतळाने थोडे आढेवेढे घेतले. मनातून ती फुलली होती. मनस्वी आत भांडी लावत होती. तिला कोणी विचारलं नाही. कुठल्याच सुनेला विचारलं नाही.

रात्री पुतळा तांब्याने पाणी प्यायली. सकाळी पदर डोक्यावरून घेतला आणि मोरीत गेली. एकेक बाटली भरली, झाकणं घट्ट लावली, पुसून ओळीने मांडली. मग त्या ओळीला हात जोडले. प्रत्येक बाटलीवर एका पोरीचं नाव होतं. त्या पोरींना आपण आशीर्वाद देतोय, असं तिला खरोखर वाटत होतं.

सुमेधा दुपारी बाटल्या घेऊन गेली. एवढ्या पटकन सगळ्यांनी दिल्या म्हणून तिने दुर्गाबाईंचे आभार मानले.

ती परत आली ती पावसाळा सरता सरता. पुन्हा तीच बैठक, त्याच सासवा. या वेळी ती बसली नाही.

"या सगळ्या बाटल्या एकाच बाईच्या आहेत," ती म्हणाली.

दुर्गाबाईंनी चहाचा ट्रे पुढे सरकवला.

"त्या बाईंची पाळी जाऊन काही वर्षं झालीत. हे लॅबमध्ये कळतं. तेवीस-चोवीस वर्षांच्या तुमच्या सुनांच्या नावावर आता ते चढलंय. पाळी गेली म्हणून. मी ते पुढे पाठवलं नाही. पाठवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच गप्प झाली. जे लपवायचं म्हणून हे सगळं केलं, तेच त्यांनी आपल्या हाताने आपल्या सुनांना चिकटवलं होतं.

सुमेधा थांबली नाही. प्लास्टिक मऊ करायला जे द्रव्य घालतात, ते या बाईंच्या अंगात खूप आहे, ती म्हणाली. ते एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडतं. तरीही एवढं सापडलं, म्हणजे ते रोज आत जातंय. बोलताना तिचे डोळे कोपऱ्यातल्या पट्ट्यांच्या पोत्यावर गेले. त्या कोण आहेत ते मला सांगू नका, पण त्यांनी डॉक्टरला दाखवावं. आणि बाकीच्यांनी या वेळी आपापल्या बाटल्या द्याव्यात, कारण हे काम त्यासुद्धा करतात.

दुर्गाबाई सावकाश उठल्या.

"घोटाला तुज्या लॅबमदी झालाय. तूच एक बाटली सगल्यांत ओतलीस. आमच्या पोरींची नावं खराब करायला."

"दुर्गाकाकू, तुम्हाला माहितीये मी नाही ओतली."

"मना काय म्हाइती? आमी अडानी मानसं."

सुमेधा आली तशी निघून गेली. तिने नाव विचारलं नव्हतं. पण ती गेल्यावर खोलीतल्या सगळ्या नजरा पुतळाकडे वळल्या होत्या. पुतळाने चहाचा पेला उचलला, तो रिकामा होता.

पुढचं फार लवकर झालं. कोणी काही जाहीर केलं नाही. पुतळाच्या अंगात विष आहे, एवढंच एकीने दुसरीला सांगितलं. पट्टे साफ करायचं कोणी सोडलं नाही. टेम्पो येत राहिला, पोती उतरत राहिली, बायका त्याच हातांनी भाकऱ्या थापत राहिल्या. सोडलं ते पुतळाला. ओट्यावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तिने नातवंडांना वाटायला केलेले तांदळाचे लाडू शेजारच्या पोराने घेतले आणि त्याच्या आजीने ते त्याच्या हातातून काढून घेतले. पुतळाच्या देखत.

दिवाळीनंतर शेजारच्याच घरी हळद होती. पुतळा हिरवी साडी नेसून, वळेसर माळून तयार बसली. नेहमीसारखा उशीर करायचा म्हणून थांबली. बाहेर डीजे सुरू झाला. तिला न घेता हळद सुरू झाली होती. करावे गावाहून कोणी दोन मुलांची आई आणली होती. नामदेव दारात येऊन म्हणाला, साडी बदल. ती तशीच बसून राहिली. रात्री त्याने वाढून घेतलं आणि एकटा जेवला.

आठवड्याभराने प्रीतम घरी आला. हातात पेढ्यांचा डबा होता. राजश्रीचं लग्न ठरलं होतं.

तो फिरवून बोलला नाही. सुमेधाच्या संस्थेकडे त्याने तक्रार केली होती. आता तिचे दोन वरिष्ठ चौकशीला येणार होते. ती पोरगी पुन्हा पुन्हा पट्ट्यांचं नाव काढते. उद्या पेपरात आलं तर कारखाना घरकाम बंद करेल. मग आळीतल्या बायकांनी काय करायचं? काकीने एवढंच सांगायचं की तिने कुठलीही बाटली भरली नाही. घोटाळा पोरीने केला.

"आनि राजश्रीची पयली हलद तुमचीच, काकी. आई सवता बोललीय."

नामदेवने पेढा तोंडात टाकला. सांगून टाक, तो पुतळाला म्हणाला. ती बाहेरची. आपल्याला इथे राहायचंय.

पुतळाने विचार करायला वेळ मागितला नाही. हेच सगळ्यात वाईट. नंतरही तिने कोणाला सांगितलं नाही की मी रात्रभर तळमळले वगैरे. ती झोपली. तिला हळद परत मिळत होती.

चौकशी महिला मंडळाच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे एक चष्मेवाले सर आणि एक मॅडम. सुमेधा भिंतीला टेकून उभी. सगळ्या सुनांनी सांगितलं, आम्ही आपापल्या बाटल्या दिल्या. मनस्वी खाली बघत म्हणाली, पण म्हणाली. मग पुतळाला बोलावलं.

तिला विचारलं, त्या बाटल्या तुम्ही भरल्या का?

"नाय."

"काकू," सुमेधा म्हणाली, "माझ्याकडे बघून बोला."

पुतळाने तिच्याकडे बघितलं. नीट, डोळ्याला डोळा देऊन.

"मी नाय भरल्या. तूच कायतरी केलंस. आमच्या पोरींना बदनाम करायला आलीस तू."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. संपलं. शिरवण्यातलं काम बंद झालं. सुमेधाला त्या अभ्यासातून काढलं. तिची दोन वर्षं गेली. खाडीवर चिखलात उभी राहणारी ती पोरगी त्यानंतर कोणाला दिसली नाही. टपरीवर म्हणाले, शंखांच्या माद्या सुटल्या.

राजश्रीची हळद माघात झाली. फाटकापासून मांडव, कमानीला लाइटिंग, दोन डीजे. पुतळा वेळेवर गेली. एवढाच फरक. बायकांनी वाट दिली. राजश्री पाटावर बसली होती, पिवळ्या साडीत, मेहंदीचे हात गुडघ्यांवर उपडे ठेवून. पुतळाने वाटीकडे हात नेला.

दुर्गाबाईंनी तिच्या हातात आंब्याचं पान दिलं.

"हातानं नको. पानानं लाव."

त्यांनी हे हळू सांगितलं, प्रेमाने म्हणावं अशा आवाजात. फोटोवाला वाकला होता. पुतळाने पान घेतलं. मग तिने पान हळदीत बुडवलं आणि राजश्रीच्या गालाला लावलं. पान टेकायच्या आधी राजश्रीने डोळे घट्ट मिटून घेतले, इंजेक्शन घेताना मिटतात तसे. उरलेल्या बायका एकेक करून आल्या आणि त्यांनी हाताने हळद लावली. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत माखत, हसत. पहिला मान पुतळाचा झाला होता. प्रीतमने शब्द पाळला होता.

ती घरात शिरली. हात धुवायचा काही प्रश्न नव्हता. आतल्या खोलीत आहेराच्या साड्यांचे ढीग होते आणि त्यांच्यामध्ये मनस्वी बसली होती. घरची सून असून ती बाहेर नव्हती. पुतळाला बघून ती उठली नाही.

"लावली हलद?"

पुतळाने मान हलवली.

"माज्या नावाची बाटली होती, काकी," मनस्वी म्हणाली. "मना माजी द्यायची होती. मी रात्री आईंना बोलले पन. चार वर्सं सगली मना विचारतात. माज्यात काय हाय, नाय, ते मना जानून घ्यायचं होतं. ती पोरगी सांगनार होती. तुमी माजी बाटली भरलीत."

तिचा आवाज चढला नाही. ती पुन्हा साड्या लावू लागली.

पुतळा मागे वळली. बाहेर दोन गाण्यांच्या मधली शांतता होती. पंगत बसत होती. ती मांडवात आली आणि बायकांच्या पंगतीपुढे उभी राहिली.

"त्या बाटल्या माज्या होत्या," ती म्हणाली. "सगल्या. दुर्गावयनीनं सांगितलं, मी भरल्या. चौकशीत मी खोटं बोलले. त्या पोरीनं कायपन केलेलं नाय. इष माज्यात हाय तर ते पट्ट्यांचं हाय. मग तुमच्यात पन हाय."

पंगतीतली पहिली ओळ थांबली. एकीच्या हातातला घास हातातच राहिला. उरणचे पाहुणे माना वळवून बघत होते, काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं. पुतळा पुन्हा बोलायला लागली. प्रीतमने डीजेवाल्याकडे बोट वर केलं. गाणं सुरू झालं, इतक्या जोरात की मांडवाचे पडदे हलले. पुतळाचे ओठ हलताना दिसत होते. मग नामदेवने तिला दंडाला धरलं आणि मांडवाबाहेर आणलं.

पाहुण्यांना सांगितलं, काकींचं डोकं जरा फिरलंय. त्यांनी मान डोलावली. लग्न झालं.

तेव्हापासून नामदेव तिच्याशी बोलत नाही. धाकटा मुलगा प्रीतमच्या कंत्राटावर होता, त्याला घरी बसवलं. त्यानेही आईला जे सुनवायचं ते सुनवलं, भाडेकरूंच्या देखत. टेम्पो तिच्या दारी थांबत नाही.

फाल्गुनात एका सकाळी मनस्वी तिच्या दारात आली. मला त्या सुमेधा मॅडमचं घर दाखवा, म्हणाली. दोघी रिक्षाने नेरुळला गेल्या. बाटल्यांबरोबर सुमेधाने दिलेला पत्त्याचा कागद पुतळाकडेच राहिला होता. दार सुमेधाच्या आईने, भिमाबाईंनी, उघडलं. कोण ते कळल्यावर त्यांनी दार अर्धंच धरून ठेवलं.

सुमेधा बाहेर आली. पुतळाने सांगितलं, मी मांडवात सगळ्यांसमोर खरं बोलले. आता कुठे सांगायचं असेल तिथे येऊन सांगते. त्या सरांना, मॅडमना.

"सांगा," सुमेधा म्हणाली. "त्यांचा पत्ता तुमच्या प्रीतमकडे आहे. त्यानेच शोधला होता."

"तुजं काम परत सुरू व्हईल?"

"नाही."

एवढंच. मग तिने मनस्वीला आत घेतलं. पुतळाला घेतलं नाही. ती जिन्यात थांबली. वरच्या मजल्यावरचे लोक तिला वळसा घालून उतरत होते. दारातून आतलं थोडंफार ऐकू येत होतं. आता मी तपासणी करू शकत नाही, सुमेधा म्हणत होती, पण चांगल्या डॉक्टरीण आहेत, त्यांच्याकडे जा. आणि एकट्या जाऊ नका. नवऱ्याचीही तपासणी करायला सांगा. ही द्रव्यं पुरुषांनाही सोडत नाहीत, आणि माल तर तेच रोज उचलतात.

 मग मनस्वीने विचारलं, "त्यांची पन?"

पुतळा पायरीवर बसली. पाच पोरांची आई ती. इतक्या हळदींत ती बायकांपाशीच थांबली होती. एकाही पुरुषापाशी थांबावं, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

परतताना आळीच्या तोंडाशी दोघी उतरल्या. प्रीतमला हे सांगितल्यावर काय होणार, ते दोघींना दिसत होतं. पुतळा म्हणाली, घरात घेतलं नाही तर माझ्याकडे ये. वरची खोली रिकामी आहे.

"तुमच्याकडं नाय यायची, काकी." मनस्वीने पदर खोचला. "मांडवात बोललात ते बरं केलात. पन मना ज्या ज्या हलदीत इचारलात, त्या सगल्या माज्या ध्यानात हायत."

ती चालत गेली आणि दुर्गाबाईंच्या फाटकाची कडी वाजवली. कोणी आलं नाही. तिने पुन्हा वाजवली. ओट्यांवरच्या बायका ब्लेड थांबवून बघत होत्या, आधी मनस्वीकडे, मग पुतळाकडे. पुतळा भर उन्हात उभी राहिली. शेवटी फाटक उघडलं, मनस्वी आत गेली, आणि आतून प्रीतमचा आवाज चढला. मनस्वी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण ती बोलत होती. तो थांबला की ती बोलत होती.